तुळसाताईंचे दाजी

“तुळसाताई आल्या नाहीत आज?”

काउंटरवरच्या बाईनं माझ्याकडं न बघताच विचारलं. तिचा हात चालू होता. मीठ, साबण, पोह्यांचं पाकीट, एकेक वस्तू उचलायची, काचेवरच्या लाल उजेडावरून फिरवायची आणि पलीकडं सरकवायची. दर वस्तूला टुक असा आवाज.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला विचारतीय. मागं वळून बघितलं. मागं कानात वायरी घातलेली एक पोरगी उभी होती.

“तुम्हालाच विचारतीय काका. बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत. गावाला गेल्यात काय?”

तुळसाबाई हे माझ्या आईचं नाव. ह्या बाईला ते कुठनं कळलं, हे कोडंच होतं. पण विचारलंय तर सांगितलं पाहिजे, म्हणून मी म्हणालो, “ती जाऊन वीस-बावीस वर्षं झाली.”

तिचा हात थांबला.

“काय बोलताय काका? दिवाळीत तर इथं उभ्या होत्या. उटण्याचा वास खोटा आहे म्हणून माझ्याशी भांडल्या.”

“तुमचा कायतरी घोटाळा होतोय बाई. आमची आई ह्या गावात कधी आलीच नाही.”

“आई कुठली काढली तुम्ही मधेच?” तिनं माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि मला दाखवल्यासारखी वर धरली. “ही पिशवी त्यांची हाय का न्हाई?”

पिशवी माझ्या जुन्या पँटच्या कापडाची होती. बंद जांभळे. आमच्या मंडळीनं घरच्या मशीनवर शिवलेली.

“हिचे बंद जांभळे का, ते पण मला माहितीय. परकराचं कापड उरलं होतं. बुटक्या, गोऱ्या, पदर खोचून यायच्या. दोडका घ्यायच्या आधी टोक मोडून चावून बघायच्या. मी म्हणायची, ताई, वर कॅमेरा हाय. तर म्हणायच्या, असू दे, कॅमेऱ्याला काय कडू लागणाराय?”

दोडक्याचं टोक ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं आणि समोरचं सगळं जरा लांब गेल्यासारखं वाटलं. आई नाही, ती आमच्या मंडळीबद्दल विचारत होती.

“ती गेली,” मी म्हणालो. “संक्रांतीच्या आधी. झोपेतच.”

बाई उभीच राहिली. तिच्या हातात पोह्यांचं पाकीट होतं, ते तिनं टुक न करताच खाली ठेवलं. मग परत उचललं. मागची पोरगी म्हणाली, “मॅडम, जरा पटकन.” बाईनं काउंटरवर ‘बंद’ची पाटी ठेवली आणि पाणी प्यायला आत निघून गेली. माझं सामान पट्ट्यावर तसंच. रांगेतले लोक माझ्याकडं मी तिला काही वाईटसाईट बोलल्यासारखं बघायला लागले.

थोड्या वेळानं ती तोंड धुऊन आली. बिल केलं. पिशवी तिनं स्वतः भरली, मीठ खाली, पोहे वर. देताना म्हणाली, “मी अर्चना. ताईंनी सांगितलं असंल घरात.”

सांगितलं नव्हतं. पण मी मान हलवली.

ह्याला आता दोनेक वर्षं झाली. नावाचा प्रकार आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

माझ्या बायकोचं माहेरचं नाव तुळसा. तासगावकडची, मळ्यातली. लग्न ठरलं तेव्हा पहिली अडचण हीच निघाली. आमच्या आईचं नावही तुळसाच. सासूच्या नावाची सून घरात कशी चालायची? आई वाड्यातल्या बायकांना म्हणाली, “मला मीच हाक मारू काय?” सगळ्या हसल्या. लग्नात ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि त्या तांदळात मी नवीन नाव लिहिलं. प्रमिला. नाव माझ्या थोरल्या बहिणीनं सुचवलं होतं. ताटाच्या पलीकडं नवरी बसली होती. तिनं एकदा तांदळाकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून ती प्रमिला झाली.

म्हणजे दुसऱ्यांसाठी झाली. मी तिला प्रमिलाही म्हटलं नाही. आमच्या पिढीत नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे, निदान आमच्याकडं तरी. मी “अगं” म्हणायचो. घरात कुणी असलं तर “ऐकलं का” म्हणायचो. ती मला “अहो” म्हणायची. तेवढ्यावर सगळा संसार झाला आणि कुठं अडलं नाही.

माहेरी मात्र ती तुळसाच राहिली. तिचे वडील लांबनं “तुळसे” अशी हाक मारायचे. मग तिची आई गेली, वडील गेले, शेवटी भाऊ गेला. ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. मी निवृत्त झालो, सूतगिरणीची खोली सोडली आणि आम्ही दोघं वाकडला मुलाकडं राहायला आलो. सुहासच्या सोसायटीच्या खालीच ते मोठं दुकान होतं. इथं ती आई होती, आज्जी होती, शेजारच्यांना काकू होती. तुळसा तासगावातच संपली असं मी धरून चाललो होतो.

आणि ह्या दुकानात, पंख्याखाली, पट्ट्याच्या शेजारी, ती परत तुळसा झाली होती. मला न सांगता.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. काही लागत नव्हतं. काडेपेटी घेतली.

“या दाजी,” अर्चना म्हणाली. काकाचा दाजी झाला होता. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं दाजी म्हणतात. ती आटपाडीची होती, म्हणजे आमच्याच भागातली. “आज फक्त काडेपेटी?”

“संपली होती.”

“तुळसाताई पण असंच करायच्या. एक जिऱ्याची पुडी घ्यायच्या आणि अर्धा तास उभ्या राहायच्या. मागं माणूस आला की त्याला पुढं घालायच्या. म्हणायच्या, जा बाबा, तुला हापिसला जायचंय, मला कुठं जायचंय.”

“काय बोलायची एवढं?”

“काय न्हाई बोलायच्या ते विचारा.”

आमच्या घरात ती कमी बोलायची. कामापुरतं. मी तर तिच्याहून कमी. जेवताना टीव्ही चालू असायचा. आणि इथं ही बाई सांगत होती की तुळसाताई नकला करायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरीची नक्कल, सुनेच्या योगा क्लासच्या बाईची नक्कल, आणि माझीसुद्धा.

“माझी कशी?”

अर्चनानं चष्मा नसताना चष्मा नाकावर ओढला, घसा खाकरला आणि जड आवाजात म्हणाली, “ऐकलं का, आज आमटीत मीठ आहे की मिठात आमटी?”

अगदी तसंच. मी हसलो. संक्रांतीनंतर पहिल्यांदा हसलो असेन. पाठीमागच्या माणसानं बास्केट आपटली.

मग माझं जाणं सुरू झालं. एका दिवशी लिंबू, एका दिवशी उदबत्ती, एका दिवशी परत काडेपेटी. दर खेपेला अर्चना एक काहीतरी सांगायची. टुक, टुक, आणि त्यात तुळसाताई. मी घरी येऊन जिन्यात जरा बसायचो, ते मनात परत एकदा ऐकायचो आणि मग वर जायचो.

एकदा ती म्हणाली, “पोहायच्या काय भारी वो त्या!”

“कोण?”

“ताई. मळ्यातल्या विहिरीत मुटका मारायच्या म्हणे वरच्या काठावरनं. पोरांच्या बरोबरीनं. तुम्हाला माहीत न्हाई?”

मला माहीत नव्हतं. चाळीसच्या वर वर्षं संसार केला. वाडीला देवदर्शनाला जायचो तेव्हा संगमावर ती पायरीवर बसून पाय बुडवायची, मी म्हणायचो, “अगं, जपून.” तिनं कधी सांगितलं नाही की मला येतं. मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी बाल्कनीत बसलो आणि तिला विहिरीत उडी मारताना बघायचा प्रयत्न केला. परकर पोलका, गुडघे छातीशी घेतलेले, नाक धरलेलं. चेहरा दिसेना. ती माझ्यापुढं आली तेव्हा तिची मान खाली होती. त्याआधीचा चेहरा माझ्याकडं नव्हता. तो अर्चनाकडं होता, तोही तिनं न बघितलेला.

अस्मिता, आमची सून, स्वभावानं चांगली आहे. तिनं एकदा स्वयंपाकघरातल्या कप्प्यात काडेपेट्या ओळीनं लावून ठेवल्या आणि मला बोलावलं.

“बाबा, आपल्याकडं लायटर आहे.”

“असू देत.”

“तुम्हाला फिरायला जायचं असेल तर बागेत जा ना. दुकानात कसली गर्दी. आणि आता सगळं घरपोच येतं.”

“बघू,” म्हणालो.

तिला काय सांगणार? तुझ्या सासूचं नाव ऐकायला जातो म्हणून? तिला तर ते नावच माहीत नव्हतं. तेराव्याच्या पत्रिकेत कै. प्रमिला दिनकर साळुंखे असंच छापलं होतं.

पावसाळ्याच्या सुमाराला दुकानात मशीनं आली. दारात फुगे लावले होते. गुळगुळीत डब्यांसारखी मशीनं, वर पडदा, शेजारी खांबाला दिवा. आपलं सामान आपणच उजेडावरून फिरवायचं, भाजीचं चित्र पडद्यावर शोधायचं, पिशवी शेजारच्या पाटावर ठेवायची, पैसे फोनवरून द्यायचे, चालू लागायचं. मधे माणूस नाही. काउंटर होते ते एकेक करून बंद झाले, शेवटी अर्चनाचा एक राहिला. तिथं रांग फळांच्या टोपल्यांपर्यंत जायची.

दुकानाचा मॅनेजर कौस्तुभ नावाचा तरुण होता. अंगानं बारीक, बोलायला गोड. तो रांगेतल्या माणसांना एकेक करून मशीनकडं न्यायचा. माझ्यापाशी आला.

“आजोबा, इकडं या ना. तुमचं तर एकच लिंबूसरबत आहे. मिनिटात होईल.”

“मला घाई नाही.”

“घाबरू नका, मी शिकवतो.”

“घाबरत नाही,” मी म्हणालो.

माझं आयुष्य सूतगिरणीत फिटर म्हणून गेलं. सूत काढायचे मोठमोठे साचे उघडून परत जोडले. त्या डब्याला काय घाबरायचं? पण दुसरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून त्याला वाटतंय ते वाटू दिलं.

रांगेत त्यावरून रोज वाद चालायचे. हाफ चड्डीतला एक गृहस्थ मशीनवरून आमच्याकडं बघत म्हणाला, “स्वतःचं काम स्वतः करायला कसली लाज? किती वेळ वाचतो बघा.”

माझ्या पुढं एक जाडशा बाई होत्या. त्या म्हणाल्या, “आधी ते पोत्यातनं काढून मोजून देत होते. मग म्हणाले, तुम्हीच घ्या फळीवरनं. आता म्हणतात, बिल पण तुम्हीच करा. उद्या म्हणतील, येताना शेतातनं उपटून आणा.”

“पण मावशी, पोरींना बारा-बारा तास उभं राहावं लागतं काउंटरला. ते बरं आहे का?”

“आता बसायला घरीच पाठवणारायत त्यांना. मग बसतील निवांत.”

अर्चना खाली मान घालून टुक टुक करत होती. दोघांचंही तिला ऐकू जात होतं.

माझा नंबर आल्यावर मी विचारलं, “काय म्हणतात हे? काउंटर बंद करणारायत?”

“सगळे नाही करत म्हणतायत. बघू. मला मशीनांपाशी उभं करणारायत, लोकांना मदत करायला.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “खरं सांगू का दाजी, पाय सुजतात माझे. मशीनापाशी फिरायला तरी मिळंल. पण बोलायला मिळणार न्हाई. तिथं माणूस येतो तो पडद्याकडं बघतो.”

पुढच्या आठवड्यात शेवटच्या काउंटरवर कायमची पाटी लागली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मशीनपुढं उभा राहिलो. पडद्यावर मराठी निवडलं. मोबाईल नंबर मागितला. दुकानात नंबर तिच्या फोनचाच नोंदवलेला होता, सुहासनं मला तोच सांगा म्हणून सांगितलं होतं. तो टाकला. पडद्यावर अक्षरं आली.

‘स्वागत आहे, तुळसा.’

मी वाचेपर्यंत गेली. पुढं आलं, ‘वस्तू स्कॅन करा.’

मशीननं ते नाव उच्चारलं नाही. बाकी सगळं बोलत होतं. पिशवी पाटावर ठेवा म्हणालं, पैसे कसे देणार विचारलं, धन्यवादसुद्धा म्हणालं. नाव तेवढं मुक्यानं दाखवलं. मी सामान घेऊन बाहेर आलो. खरंच मिनिटात झालं. बाहेर येऊन उभा राहिलो तर आलो कशाला तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी भोपळा मिरची घेतली. तिचं चित्र पडद्यावर होतं, मला दिसत होतं. मी कांद्यावर बोट ठेवलं. मग मिरची पाटावर ठेवायच्या ऐवजी कोपर ठेवलं. मशीन म्हणालं, ‘वजन जुळत नाही. कृपया मदतीसाठी थांबा.’ खांबावरचा दिवा लाल झाला.

मी थांबलो.

पलीकडनं अर्चना आली. गळ्यातलं कार्ड मशीनला लावलं, दिवा हिरवा झाला.

“काय झालं दाजी?”

“कळंना बघ मला हे.”

“तुळसाताईंचे दाजी अडकले होय?” असं म्हणून तिनं बोटानं मिरचीचं चित्र दाबलं आणि निघून गेली. दुसरीकडं दोन लाल दिवे लागले होते.

एवढंच. पण ते नाव हवेत आलं होतं. मी ते घेऊन घरी गेलो.

मग रोज तेच. कधी एकच पाकीट दोनदा फिरवायचं. कधी पिशवी मधेच उचलायची. लाल दिवा लागायचा, ती यायची, “तुळसाताईंचे दाजी” म्हणायची आणि वेळ असला तर एखादं वाक्य सांगायची. ताईंना पेरूत बिया आवडायच्या. ताईंनी मला माझ्या पोरीच्या बारशाला कुंची शिवून दिली. ताई म्हणायच्या, आमचे हे रागात असले की पंखा पुसायला काढतात. एकेक वाक्य. जास्त वेळ नसायचाच.

कौस्तुभ वैतागला. “आजोबा, कालच तर शिकवलं.”

“वय झालं बाबा,” मी म्हणायचो.

अर्चना त्याच्यामागं उभी असायची. तो गेल्यावर हळूच म्हणाली, “दाजी, ताई सांगायच्या, आमचे हे साच्याला नुसता कान लावून कुठं बिघडलंय ते सांगतात. आणि हे डबडं तुम्हाला येईना?”

मी पिशवी उचलली. तिनं कौस्तुभला काही सांगितलं नाही. उलट त्यानंतर लाल दिवा लागला की ती इतर दिवे सोडून आधी माझ्याकडं यायला लागली.

दिवाळी झाली. एका दुपारी दुकान रिकामं होतं. मी दोडका घेतला होता. पाटावर हात दाबला, दिवा लागला. अर्चना आली, पण कार्ड लावलं नाही. लाल दिवा तसाच ठेवून मशीनला टेकून उभी राहिली.

“दाजी, आज शेवटचा दिवस हाय माझा.”

“का?”

“आता एकच माणूस ठेवणारायत सगळ्या मशीनांना. नवीन पोरगा आलाय. मला म्हणाले, गोदामात या, लांब हाय. घरचे न्हाई म्हणतात. गावाकडं जातोय आम्ही. मालकांनी आटपाडीत दुकानगाळा बघितलाय.”

मालक म्हणजे तिचा नवरा. मी म्हणालो, “बरं आहे. दुकान आपलं असलेलं चांगलं.”

“व्हय.” मग ती म्हणाली, “एक सांगायचं राहिलंय तुम्हाला. ताईंनी सांगू नको म्हटलं होतं. पण आता काय.”

मशीन मधेच म्हणालं, ‘कृपया मदतीसाठी थांबा.’ दोघंही जरा हसलो.

“पहिल्यांदा दुकानाचं कार्ड काढलं ना त्यांनी, मी विचारलं, नाव काय घालू? त्यांनी इकडं तिकडं बघितलं, कुणी ओळखीचं हाय काय असं. मग म्हणाल्या, तुळसा घाल. घातलं. मग पुढं ओळख वाढल्यावर सांगितलं की घरातलं नाव दुसरंच हाय. मी म्हटलं, मग दाजी काय म्हणतात तुम्हाला? तर म्हणाल्या, अगं म्हणतात. त्यांच्या आईचं नाव ते कसं घेतील? मुलानं आईचं नाव घ्यावं का? मी म्हटलं, एकदाबी न्हाई घेतलं? तर लाजल्या वो त्या. ह्या वयात. पदर तोंडाला लावला.”

अर्चनानं दोडका हातात घेतला आणि त्याचं टोक नखानं खुडत सांगायला लागली.

“म्हणाल्या, एकदा घेतलं. माझ्या पोराच्या वेळी. दवाखान्यात मी अर्धी शुद्धीत अर्धी बेशुद्धीत होते. सगळे म्हणत होते, बाई काय राहत न्हाई. आणि तेवढ्यात दारातनं ह्यांचा आवाज आला. तुळसा, तुळसा म्हणून. दोन-तीनदा. म्हणाल्या, मी तो आवाज धरून वर आले बघ, विहिरीतनं वर आल्यासारखी. त्यांना वाटतं मला ऐकू आलं न्हाई. मी पण कधी बोलले न्हाई. विचारलं असतं तर लाजले असते ते.”

लाल दिवा चालूच होता. मी पिशवीचे बंद नीट करत राहिलो.

सुहास जन्मला तो दिवस मला लख्ख आठवतो. मी दवाखान्यात नव्हतो. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं होतं, ते तिथं मिळत नव्हतं, म्हणून सायकलवरून पेठेत गेलो होतो. दोन दुकानं फिरलो. परत आलो तेव्हा सुहास माझ्या आईच्या मांडीवर होता. आई म्हणाली, “दिन्या, कुठं होतास? वॉर्डबॉयनं दारात उभं राहून नावानं पुकारा केला, केवढ्यांदा. मला वाटलं, सून गेली. पळत आले तर म्हणाला, घ्या, नातू झाला.” केसपेपरवर सोबतची बाई म्हणून आईचं नाव होतं. तुळसा साळुंखे.

पुकारा आईच्या नावाचा होता. आवाज वॉर्डबॉयचा होता.

“खरं हाय का दाजी?” अर्चनानं विचारलं. तिचे डोळे भरले होते. “घेतलं होतं ना तुम्ही?”

“होय,” मी म्हणालो.

तिनं कार्ड लावलं. दिवा हिरवा झाला. दोडका तिनं माझ्या पिशवीत घातला आणि वाकून माझ्या पाया पडली, तिथंच, मशीनांच्या मधे. कौस्तुभ लांबनं बघत होता.

“येते दाजी.”

“ये. जपून.”

ती गेली. नवीन पोरगा लाल दिवा लागला की येतो, कार्ड लावतो, काही न बोलता जातो. चांगला आहे. दोन-चार दिवस मी चुका करून बघितल्या, मग सोडून दिल्या. आता माझं बिल मिनिटाच्या आत होतं. अस्मिता सगळ्यांना सांगते, आमचे बाबा मशीन कसं सफाईनं चालवतात बघा. कौस्तुभनं तर एकदा एका म्हाताऱ्या जोडप्याला माझ्याकडं पाठवलं, ह्यांच्याकडनं शिका म्हणून. मी शिकवलं. त्यातल्या आजोबांनी बायकोला “अगं, इथं बोट ठेव” म्हटलं.

सोसायटीतल्या लोकांना वाटतं, मी वेळ घालवायला दुकानात जातो. तसं नाही. घरात ते नाव कुठंच लिहिलेलं नाही. फोटोखाली प्रमिला आहे. दुकानात मात्र नंबर टाकला की पडद्यावर येतं, ‘स्वागत आहे, तुळसा.’ श्वास घेण्याइतका वेळ राहतं आणि जातं. तेवढ्या वेळात म्हणून टाकायचं असं मी रोज ठरवून येतो. हळू का होईना, पण आवाज काढून. जी हाक ऐकली असं तिनं जन्मभर धरलं, ती एकदा तरी माझ्या तोंडून जावी. कुणी ऐकलं तर ऐकलं. आजूबाजूला सगळे पडद्याकडंच बघत असतात.

काल गेलो होतो. दुकान मोकळं होतं. नंबर टाकला. नाव आलं. मी चष्मा वर केला, घसा साफ केला. जीभ टाळूला लागली. डोळ्यापुढं आई आली, मांडीवर सुहासला घेतलेली, आणि मी तसाच उभा राहिलो. अक्षरं गेली. मागचा माणूस म्हणाला, “काका, झालं का तुमचं?”

“झालं,” मी म्हणालो आणि त्याला वाट दिली.

तिला त्या नावानं मी अजून हाक मारलेली नाही.